दारात उभ्या गाडीची वेळ

अकोल्याच्या वाशिम बायपासवर संध्याकाळी सहा-साडेसहा म्हणजे भरलेल्या गाड्या निघायची वेळ. ताडपत्रीच्या दोऱ्या आवळणं चाललेलं असतं, क्लीनर टायरवर हातोडी मारून हवा पाहत असतो आणि आत बुकिंग ऑफिसात बिल्टी फाडली जात असते. मी ज्या ऑफिसात बसलो होतो, तिथल्या टेबलावर दोन वस्तू शेजारी-शेजारी होत्या. एक, कार्बन घालून लिहायचं बिल्टी बुक, पांढऱ्या, गुलाबी आणि पिवळ्या पानांचं. दुसरी, काचेला तडा गेलेला एक फोन. त्याच्या नकाशावर सहा ठिपके होते. त्या ऑफिसच्या मालकाच्या, म्हणजे मामांच्या, सहा गाड्या.

बिल्टी बुकापाशी मामा होते. चाळीस वर्षं याच खुर्चीत बसलेले. फोन भाचीच्या हातात होता. ती अमरावतीत इंजिनिअरिंग शिकली, बडनेऱ्याला राहते आणि आठवड्यातून तीन दिवस रेल्वेनं अकोल्याला येऊन मामांच्या ट्रान्सपोर्टचं ऑनलाइन काम पाहते. रुईच्या शंभर गाठी घेऊन एक गाडी तमिळनाडूतल्या सूतगिरणीकडे निघायची होती. एक गाठ १७० किलोची, म्हणजे सतरा टन माल. गाडी निघेपर्यंत दोघांचं जे बोलणं झालं, ते मला जसं आठवतं तसं इथे मांडतो.

मामा : हे पाय, तुह्या फोनवर गाडीचा ठिपका दिसते. ठिपक्याच्या मांगं बसलेला मानूस दिसते काय? हा ड्रायव्हर अकरा वर्षांपासून माह्याकडं हाये. त्याच्या गाडीत पंचवीस लाखाचा माल भरून देतो अन् रातच्याले शांत झोपतो. ते काही कोन्या ॲपच्या भरवशावर नाही.

भाची : त्याच्यावरचा भरवसा सोडा असं मी म्हणतच नाही, मामा. पण असे ड्रायव्हर आपल्या सहा गाड्यांवर. हंगामात आपण बाजारातून रोज दहा-बारा गाड्या लावतो. त्यांचे ड्रायव्हर तुम्ही कधी पाहिलेलेही नसतात.

मामा : दलालाले विचारतो. दलाल मालकाले ओळखते, मालक ड्रायव्हरले. साखळी असते.

भाची : आणि दलाल गाडी कुठे देतो? व्हॉट्सॲपवर. सकाळपासून तुमच्या चार ग्रुपवर हेच चाललंय : ‘अकोला-इंदूर, १६ टन, आजची भराई, गाडी पाहिजे.’ आधी तुम्ही यासाठी गाडीअड्ड्यावर माणूस पाठवत होता, मग एसटीडी बूथवर तास तास उभे राहत होता. साखळी तुम्ही सोडली नाही, ती उचलून फोनात नेली. आणि अनोळखी गाडी आली की नंबर टाकून एमपरिवहन ॲपवर फिटनेस, विमा, परमिट मीच पाहून देते. मागच्या महिन्यात विमा संपलेली गाडी तुम्हीच परत पाठवली ना?

मामा : हाव, पाठवली. जे कामाचं वाटलं ते आपन आपल्या मनानं घेतलं. बाकीचं आपल्या डोक्यावर येऊन बसलं.

‘डोक्यावर येऊन बसलं’ हे त्यांनी सहज म्हटलं नव्हतं. वऱ्हाडातल्या छोट्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे संगणक आला तो व्यवसाय वाढवायच्या हौसेनं आलेला नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू झालं आणि २५ मे २०१८ पासून महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रातही. सुरुवातीला ५० हजारांवरच्या मालाला, मग राज्यांतर्गत वाहतुकीसाठी ही मर्यादा एक लाख झाली. बिलाचे दोन भाग : पहिल्यात मालाची माहिती, दुसऱ्यात गाडीचा नंबर. गाडी बदलली की दुसरा भाग पुन्हा भरायचा. मुदत अंतरावर ठरते. १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस.

मामा : आमचे मुनीमजी साठीचे. त्याहीनं जन्मात कंप्युटरले हात लावला नव्हता. बाजूच्या ऑनलाइनवाल्या दुकानात रांग लावत होतो आम्ही. रातचे नऊ वाजले की दुकान बंद, अन् भरलेली गाडी सकाळपर्यंत उभी. अन् भेव केवढं! पंचवीस लाखाच्या मालावर ५ टक्क्यानं सव्वा लाख कर, दंड त्याच्या दुप्पट, म्हनजे अडीच लाख. नंबरातला एक आकडा चुकला त गाडी विकायची पाळी.

भाची : मामा, एक-दोन आकडे चुकले तर तो दंड लागत नाही. सप्टेंबर २०१८ चं केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाचं परिपत्रक आहे. बाकी कागद बरोबर असतील तर केंद्राचे ५०० आणि राज्याचे ५००. हजार रुपयांत विषय संपतो.

मामा : (बराच वेळ तिच्याकडे पाहून) हे मले कोनं सांगतलं? किती वर्षं रस्त्यावर हात जोडले मी. किती जागी खिशात हात घातला. अन् तू म्हन्ते, हजार रुपये.

भाची : तुम्हाला कुणी सांगितलं नाही, हे खरंच वाईट झालं. पोर्टल आलं, त्याचा धाक आला. त्यातली सूट मात्र इथपर्यंत आली नाही.

मामा : मंग मी काय म्हन्तो? संत्र्याचं पाय. वरूड-मोर्शीची संत्र्याची गाडी. ताज्या फळाले जीएसटी नाही, म्हनून ई-वे बिल नाही. चिठ्ठीवर पेट्या लिहिल्या, फोन केला, गाडी निघाली. अडलं काय त्याहीचं?

भाची : अडतं ना. रुईची गाठ दोन दिवस थांबली तर रुईच राहते. संत्रं थांबलं तर सडतं. ज्या मालाला वेळेचा हिशोब सर्वांत जास्त हवा, त्याच मालाच्या गाडीची नोंद सर्वांत कमी. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवलं, तेव्हा आपला संत्रावाला दुसऱ्या बाजारांकडे वळला. आता त्याला रोज विचारावं लागतं की गाडी कुठवर आली, उतरवून घ्यायला माणसं कधी बोलवू. म्हणून तो कुणी न सांगता ड्रायव्हरला म्हणतो, ‘लाइव्ह लोकेशन टाक.’ त्याच्यावर कायद्याची सक्ती नाही. गरज आहे, म्हणून त्याच्या हातात हे आलं.

मामा : ते पटते. पन ड्रायव्हरचं कोन पाहते? आधी ट्रिपचे पैसे त्याच्या हातात देत होतो. टोल, डिझेल, खुराक, सारं त्याच्यातून. चार पैसे वाचले त घरी नेत होता. २०२१ मंधी फास्टॅग सक्तीचा झाला. टोल त्याच्यातून कटते. डिझेल कार्डातून. गाडी अर्धा तास उभी राहिली का मालकाचा फोन, ‘काहून थांबला?’ ढाब्यावर डोळा लागला त तोही नकाशावर. मानूस हाये तो.

भाची : यात तुमचं बरोबर आहे. फास्टॅगनं टोलवरची रांग कमी झाली, रोख बाळगायची जोखीम गेली, पण ड्रायव्हरच्या हातची मोकळीकही गेली. त्याला उपाय आहे. तो जे लपवून वाचवत होता ते भत्त्यात उघड वाढवून द्यायचं. आणि रात्री दोन ते पाच गाडी उभी दिसली तर फोन करायचा नाही, हे ठरवून टाकायचं. तो झोपलाय म्हणजे गाडी सुखरूप आहे.

मामा : असं कोनी करत नाही.

भाची : आपण करू शकतो. सहाच तर गाड्या आहेत.

इथे मामा पहिल्यांदा हसले आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत बोलणं मोठ्या कंपन्यांकडे वळलं. दरवर्षी कुणीतरी टापटीप कपड्यातला पोरगा बायपासवर येतो आणि ‘दलाल काढून टाका, ॲपवर थेट लोड घ्या’ असं सांगून जातो, हे मामांच्या मनात सलत होतं.

मामा : किती आले अन् गेले. मी हाओच इथं.

भाची : गेले कमी, बदलले जास्त. बंगळुरूची ब्लॅकबक बघा. २०१५ ला निघाली. मोठ्या कंपन्यांचा माल आणि गाडीमालक यांच्या मधे स्वतः उभं राहायचं, हा तिचा धंदा होता. २०२४ च्या नोव्हेंबरात शेअर बाजारात आली, तोवर ते काम तिनं बंद केलं होतं. कमाई होती ती फास्टॅग, जीपीएस अशा गाडीमालकाच्या रोजच्या गरजांवर. रिविगोचं तसंच. ड्रायव्हर दर काही तासांनी बदलायचा, म्हणजे तो रात्री घरी जाईल, अशी सुंदर कल्पना २०१४ ला त्यांनी आणली. २०२२ मध्ये त्यांचा एक्स्प्रेस मालवाहतुकीचा धंदा महिंद्रा लॉजिस्टिक्सनं घेतला. अमेरिकेत सिॲटलची कॉन्व्हॉय तर २०२३ ला बंदच पडली, आणि तिच्यात जगातल्या मोठमोठ्या श्रीमंतांचा पैसा होता.

मामा : काहून पडल्या? मी सांगतो. भाव जुळवनं सोपं हाये. काट्यावर वजन कमी भरलं, पावसात चार गाठी भिजल्या, गिरनीवाल्यानं शॉर्टेज कापलं, मंग भांडनात मधे कोन उभं राहते? दलाल राहते. मी राहतो. त्याचंच कमिशन खातो मी.

भाची : हे मी मान्य करते. पण चीनमध्ये हेच काम मानबांगनं जमवलं. दोन कंपन्या २०१७ मध्ये एक झाल्या, २०२१ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदल्या गेल्या. तिथले लाखो ट्रकवाले रोज त्यावर लोड शोधतात.

मामा : अन् ट्रकवाल्याले भाडं वाढून भेटलं काय?

भाची : तीच तर तिथली ओरड आहे. एकाच जागी सगळ्या गाड्या दिसू लागल्या की मालवाला कमीत कमी भाव मागतो. सरकारला त्या कंपन्यांना बोलावून जाब विचारावा लागला.

हे ऐकताना मला खामगाव आठवलं. अकोल्यापासून पन्नासेक किलोमीटरवरचं गाव. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर आली. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा उघडायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. रेल्वेबरोबर तार होतीच. लिव्हरपूलच्या बाजारातला भाव तारेनं खामगावला कळू लागला. त्या काळी याहून मोठं नवल नव्हतं. पण तो भाव आधी कळे बाजारात बसलेल्या मोठ्या खरेदीदाराला. बंडीत कापूस घालून आलेल्या कुणब्याच्या हाती तार नव्हती. आणि महिना महिना कापूस वाहणाऱ्या बंडीवाल्यांचा लांब पल्ल्याचा धंदा रेल्वेनं संपवला. मी हे बोलून दाखवलं.

मामा : बरोबर बोलले तुम्ही. बंडीवाल्याच्या जागी आता मी हाओ.

भाची : म्हणूनच मी भांडतेय, मामा. तार त्या बंडीवाल्याच्या हाती नव्हती. हा फोन तुमच्या हाती आहे. तुम्ही तो वापरता फक्त गाडी कुठे आहे हे बघायला. दुसऱ्याला जाब विचारायला वापरतच नाही.

मामा : कोनाले जाब विचारू?

भाची : दिवाळीनंतर एक गाडी चार दिवस गिरणीच्या गेटवर उभी होती ना? तिचंच सांगा.

मामांचा चेहरा बदलला. ती गाडी अशीच रुईच्या गाठी घेऊन गेली होती. गिरणीच्या गोदामात जागा नव्हती, म्हणून गाडी खाली करून घेतली नाही. ड्रायव्हर गेटबाहेर, रस्त्याच्या कडेला. पाणी विकत, जेवण विकत. हॉल्टिंग, म्हणजे थांबलेल्या वेळेचं भाडं, मागितलं तर गिरणीवाले म्हणाले, गाडी उशिराच आली होती. उरलेलं भाडं दोन महिन्यांनी आलं, तेही शॉर्टेजच्या नावाखाली कापून. आणि गेटवर उभं असताना ई-वे बिलाची मुदत संपत आली, ती वाढवून घ्यायची धावपळ इथे अकोल्यात करावी लागली.

मामा : आपला अमरावती-अकोला रस्ता आठवते? मूर्तिजापूरपर्यंत गाडीची हाडं मोडत होती. २०२२ च्या जूनमंधी लोणी ते माना एका लेनचा ७५ किलोमीटर डांबराचा थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला, गिनेसमंधी नाव गेलं. मले लय आनंद झाल्ता. वाटलं, आता फेरीमांगं दोन तास वाचतीन. वाचले. तिकडं समृद्धी महामार्गावर जानाऱ्याले त आनखी वाचले. पन ते वाचलेले तास गेले कुठं? त्या गिरनीच्या दारात!

भाची : (फोन पुढे करून) हे बघा. त्या ट्रिपची नोंद अजून आहे. मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गाडी गेटवर थांबली. शुक्रवारी दुपारी चारला हलली. ८२ तास. गाडी उशिरा आली म्हणतात, पण ठरल्या दिवशी सकाळीच ती दारात आहे. हा कागद छापून बिलाला जोडला असता तर?

मामा : हे त्यात होतं? तेव्हापासून?

भाची : पहिल्या दिवसापासून. आपण ड्रायव्हरवर नजर ठेवायला यंत्र बसवलं. ते ड्रायव्हरचा साक्षीदारही आहे, हे आपण कधी विचारात घेतलं नाही.

ऑफिसात थोडा वेळ कुणी बोललं नाही. मला या दोघांच्या वादाचं सार या ८२ तासांत दिसलं. आपल्याकडे मालवाहतुकीत आलेलं बहुतेक तंत्रज्ञान चालत्या गाडीचा हिशोब ठेवतं. टोल कधी ओलांडला, बिलाची मुदत कधी संपते, वेग किती, ड्रायव्हर कुठे थांबला. उभ्या गाडीचा हिशोब, तोही दुसऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या गाडीचा, कुणीच मागत नाही. कारण तो मागितला तर पैसे मोठ्या माणसाच्या खिशातून जातील. देशातल्या बहुतेक गाडीमालकांकडे पाचाच्या आतच गाड्या आहेत. त्यांचा नफा रस्त्यावर फार बुडत नाही, गेटवर आणि थकलेल्या भाड्यात बुडतो. डिजिटल होणं त्यांच्या कामाचं ठरायचं असेल तर ते तिथे पोचलं पाहिजे.

भाची : आणि थकलेल्या भाड्याचंही ऐका. आपली उद्यम नोंदणी मी केलीय, फुकट होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात आपल्यासारखा सेवा देणाराही येतो. माल वाहून दिल्यावर पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. २०१७ पासून ‘समाधान’ पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. आणि २०२३-२४ पासून, मुदतीत पैसे दिले नाहीत तर गिरणीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात दाखवता येत नाही.

मामा : पोरी, कायदा चांगला हाये. पन मी तक्रार केली का ती गिरनी उद्यापासून माल देत नाही. तिले गाड्या वीस मिळतीन. मले गिरन्या किती?

भाची : एकट्यानं केली तर तसंच होईल. इथल्या वीसही ट्रान्सपोर्टवाल्यांनी मिळून सांगितलं तर?

मामा : तेच त अवघड हाये. ग्रुपवर एकानं भाडं सांगतलं का दुसरा शंभरानं कमी सांगते. मशीन लय आल्या, एकी नाही आली. ती तुह्या फोनात नाही.

भाची : नाही. ती तुम्हालाच करावी लागेल. तुमचा शब्द बायपासवर चालतो, माझा नाही. मी फक्त ८२ तास मोजून देऊ शकते.

मामा : अन् हॉल्टिंग मागाले तोंड कुठं हाये? बिल्टीवर लिहिलंच नाही. माल उशिरा गेला, गहाळ झाला त मालवाल्यानं आमच्यावर दावा कसा करावा, हे २००७ च्या कायद्यात हाये. १८० दिवसांच्या आत नोटीस द्या, असं हाये. आमची गाडी त्याच्या दारात सडली त काय, ते आमच्याच कागदावर नाही. आमच्याच!

हे बोलताबोलता मामांनी बिल्टी बुक पुढे ओढलं. तमिळनाडूच्या गाडीची बिल्टी अर्धी लिहून झाली होती. त्यांनी कार्बन नीट बसवला, चष्मा वर केला आणि पानाच्या तळाशी, छापील शर्तींच्या वरच्या कोऱ्या पट्टीत, पेन दाबून दोन ओळी लिहिल्या, तिन्ही प्रतींवर उमटतील अशा :

‘गाडी दारात पोचली : तारीख, वेळ, सही.
गाडी खाली झाली : तारीख, वेळ, सही.’

त्याखाली आणखी एक ओळ : ‘चोवीस तासांनंतर हॉल्टिंग लागू.’ मग त्यांनी ते पान भाचीकडे सरकवलं.

मामा : पुढच्या बुकात हे छापून घे. प्रेसवाल्याले सांग, ठळक टाइपात.

भाची : आणि गेटवाल्यानं सही नाही दिली तर?

मामा : त तुह्या फोनातला कागद जोडू. सही भेटली त दोन्ही जोडू. अन् उद्या सकाळी मी या लाइनीतल्या चार ऑफिसात जाऊन येतो. त्याहीच्या बुकातही हेच छापलं पायजे. एकट्याच्या बिल्टीवर असलं त गिरनीवाला ते पान फाडून देईन.

ड्रायव्हरला आत बोलावलं. त्यानं बिल्टी हातात घेतली, नव्या ओळींवर बोट ठेवून पुटपुटत वाचल्या. मामांनी समजावलं : पोचल्याबरोबर गेटवर वेळ लिहून सही घ्यायची, पानाचा फोटो काढून पाठवायचा. त्यानं मान हलवली. बिल्टी, ई-वे बिल, काट्याची पावती असे सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि दारापर्यंत जाऊन तो वळला.

‘मालक, हॉल्टिंग आलं त माह्या उभ्या राहिलेल्या दिवसाचा भत्ता?’

मामांनी भाचीकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. मामांनी हात पुढे केला, पिशवीतून बिल्टी परत मागून घेतली, पुन्हा कार्बन लावला आणि चौथी ओळ लिहायला घेतली.